गाठ सोडण्याची सहा रूपे

६ जानेवारी २०२५, सोमवार

सहाही रूपे पाठ झाली. लूओ, लूसो, एलूसा, लेलुका, लेलुमाइ, एलुथेन. एकाहत्तराव्या वर्षी, न्याहारीच्या आधी, न अडखळता, तीन वेळा!

नोंद करून ठेवते. उद्या विसरले तर पुरावा असावा. प्राचीन ग्रीक शिकणाऱ्याला बहुधा हेच क्रियापद पहिले भेटते. अर्थ — सोडणे. गाठ सोडणे, बैल सोडणे, कैदी सोडणे, सभा बरखास्त करणे, करार मोडणे, आणि (इथे मी खुर्चीत सरळ झाले) प्रतिपक्षाचा युक्तिवाद उलगडून निकामी करणे. अलिबागच्या कोर्टात चाळीस वर्षे मी जे करत आले त्याला स्वतःचे एक क्रियापद होते, आणि मला कोणी सांगितले नाही.

सहा रूपे हाताशी असली की बाकीची शेकडो त्यांतून नियमाने निघतात. इतका सुबक कायदा मी आयुष्यात पाहिलेला नाही. काहीतरी होऊन गेले हे दाखवायला सुरुवातीला नुसता ‘ए’ लागतो, जसा संस्कृतात ‘अ’. शाळेत संस्कृतच्या वर्गात मी एकटी मुसलमान मुलगी होते आणि पैकीच्या पैकी गुण मिळवत होते. ते गुण आज कामी आले.

ग्रीक व्याकरणाच्या पुस्तकाची प्रत अलिबागला काढून घेतली होती. झेरॉक्सवाल्याने पाने चाळून विचारले, मॅडम, गणित का? म्हटले, जवळपास.

७ जानेवारी, मंगळवार

अडचण. डोळ्यांना येते, कानांना येत नाही. मी ही भाषा कधी ऐकलेलीच नाही.

जवेरियाला सांगितले. (माझ्या भावाची मुलगी. राहते माझ्याकडे, आणि माझे ऑफिसही आता तीच चालवते, माझ्यापेक्षा कमी नीटनेटके.) डबा भरता भरता म्हणाली, “फुफी, नजमुद्दीनचाचांना विचार ना. वीस वर्षं ग्रीक जहाजांवर होते.”

मी म्हटले, ते आजचे ग्रीक. मला अडीच हजार वर्षांपूर्वीचे हवे.

“मग त्यांच्याहून जुनं कोण आहे आपल्या चौलात?”

पोरगी उलटतपासणीत पुढे जाईल.

९ जानेवारी, गुरुवार

गेले. नजमुद्दीनभाईंची वाडी आमच्या मागच्या आळीला. तीस वर्षांची ओळख, पण सलाम-दुआपुरती. त्यांच्या बेगमना जाऊन नऊ वर्षे झाली. मुलगा कैस दोह्याला. ते अंगणात सुपारी वाळत घालत होते. मी पुस्तक पुढे केले आणि येण्याचा हेतू मोजक्या शब्दांत मांडला.

चष्मा शोधला, पान लांब धरले, वाचले, आणि हसू लागले. हा शब्द त्यांना माहीत होता! अर्थ तोच, रूप थोडे बदललेले. जहाजाला धक्क्यावर बांधणारे जाड दोर म्हणजे कावूस. निघायची वेळ झाली की वरून हुकूम यायचा, तो त्यांनी मला करून दाखवला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, सुपारीच्या मध्ये उभा राहून, पूर्ण छातीने — “लीसे तूस कावूस!” माडावरचे कावळे उडाले. शेजारच्या घराची खिडकी उघडली.

मी शांतपणे दाखवून दिले की पुस्तकात आज्ञार्थ ‘लूसोन’ असा आहे. ‘लीसे’ हे त्याचे झिजलेले रूप.

“झिजलेलं नाही, वकीलसाहेब,” ते म्हणाले. “वापरलेलं.”

मी मुद्दा मान्य केला. हे मी दिनांकासह नोंदवत आहे, कारण असे फारसे घडत नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशी आमच्या या बंदराला सेमुल्ला म्हणत. म्हणजे हाच शब्द, असाच ओरडून, इथल्याच खाडीत कोणीतरी उच्चारला असणार. घरी येईपर्यंत मी तेच मनात धरून हसत होते. रस्त्यात. एकटी. टोपली घेऊन निघालेल्या दोघी बाया वळून पाहात गेल्या.

१० जानेवारी, शुक्रवार

“लीसे!” — आरशासमोर. दार लावून.

१३ जानेवारी, सोमवार

ठमाबाई रामराज गावाहून वालाच्या शेंगा घेऊन आली. ही गेली पंधरा वर्षे दर सोमवारी येते, आणि माझ्याबद्दल जवेरियापेक्षा तिला जास्त माहीत असते. मी शेंगा निवडता निवडता रूपे घोकत होते.

“वकीलबाय, कसला जप हाय?”

ग्रीक, म्हटले.

“कंचा देव तो?”

देव नव्हे. सोडणे या अर्थाचा शब्द.

“मंग सोडा की. कोन धरून बसलाय तुमाला?”

दोन शेर शेंगा जास्तीच घेतल्या.

१६ जानेवारी, गुरुवार

तासांची व्यवस्था ठरली. मंगळवार आणि गुरुवार, पाच वाजता, माझ्या ओटीवर. ते उच्चार देतात, मी नियम देते. मोठी अक्षरे त्यांना जहाजांच्या नावांवरून येतात. लहान अक्षरे मी शिकवते. आज ‘लेलुका’ समजावले: सोडून झालेले आहे, आणि त्याचा परिणाम अजून टिकून आहे. त्यांनी तळहात उघडून पाहिले. मग म्हणाले, धक्का सुटला तरी बराच वेळ हाताला दोराचा वास राहायचा, तसं का?

तसेच. चाळीस पानांच्या टिपांत हे इतके नेमके कोणी लिहिलेले नाही. मी समासात लिहून ठेवले आणि आधाराला त्यांचे नाव घातले.

चहात साखर दोनदा घातली गेली. त्यांनी मुकाट्याने प्यायला.

१८ जानेवारी, शनिवार

पोपटी! त्यांच्या वाडीत, उन्हे उतरता उतरता. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ठमाबाईच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला. मग मडके उपडे घालून भोवती जाळ. मी कधी एवढ्या धुरात बसत नाही. बसले.

मडके बांधायच्या सुतळीवर त्यांनी मला जहाजावरची एक गाठ शिकवली. जहाज ओढ घेईल तितकी ती घट्ट धरते, सुटत नाही. आणि सोडायची म्हटली की बोटाच्या एका ढकलणीने मोकळी होते. पाच वेळा चुकले. सहाव्यांदा म्हटले, “नजमुद्दीन, हे टोक आतून घेऊ का?”

जवेरियाने शेंग सोलता सोलता मान वर केली. तेव्हा लक्षात आले — ‘भाई’ पडला.

तीस वर्षांचा ‘भाई’! कुठे पडला, केव्हा पडला, काही सांगता येत नाही. आणि ते तर जणू काही झालेच नाही अशा थाटात म्हणाले, “आतून नाही, खालून.”

१९ जानेवारी, रविवार

शांत डोक्याने विचार करू.

लक्षणे: अकारण हसू. भूक कमी, तरीही पोपटी तिघांच्या वाट्याची एकटीने खाल्ली. मंगळवार आणि गुरुवार यांच्यामधला बुधवार लांबट वाटतो. यावरून एकच अनुमान निघते असे म्हणणे घाईचे होईल. वयाच्या मानाने नव्या भाषेचा मेंदूवर ताण, हे दुसरे कारण संभवते. हिवाळा, हे तिसरे.

लग्नाचा विषय मी १९७९ साली निकालात काढला. त्यावर अपील झालेले नाही. मुदतही केव्हाच संपली.

दुसरे आणि तिसरे कारण मी स्वतःच ग्राह्य धरत नाही. पण हे फक्त या वहीला सांगते.

२३ जानेवारी, गुरुवार

पाच वाजता आले. ‘लेलुमाइ’ म्हणून दाखवले, बिनचूक. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, कैसचा फोन होता. कागद झाले. बारा फेब्रुवारीचं विमान. आता तिकडेच राहायचं म्हणतो तो.

डिसेंबरात त्यांना विहिरीपाशी चक्कर आली होती. दोन तास कोणाला कळले नव्हते. तेव्हापासून मुलगा मागे लागला आहे, आणि त्याचे चुकते असे मला म्हणता येत नाही. चांगला मुलगा आहे. बापाच्या काळजीने वागतो आहे.

मी म्हटले, उत्तम.

२४ जानेवारी, शुक्रवार

उत्तम!! हा शब्द मला कोणी सुचवला?

३० जानेवारी, गुरुवार

जवेरिया आज स्पष्टच बोलली. “फुफी, तू त्यांना थांबा म्हण.”

कोणत्या अधिकाराने, मी विचारले. मी त्यांची कोण? नात्याने कोणी नाही. हक्काशिवाय दावा दाखल होत नाही, हे तिला मीच शिकवले आहे.

“सगळ्या गोष्टी दावा असतात का गं?”

हे तिला मी शिकवलेले नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज या क्रियापदाचे तिसरे अंग घेतले: ‘लूओमाइ’. आपण सोडतो, पण स्वतःसाठी. पकडलेल्या आपल्या माणसाला पुढे होऊन सोडवून आणतो, तेव्हा हे रूप. संस्कृतात याला आत्मनेपद म्हणतात. फार सुंदर रूप आहे. मी ते सतरा मिनिटे समजावले आणि त्यातली सोळा मिनिटे वहीकडे पाहात होते.

मग त्यांनी विचारले, “तुमचं मत काय, वकीलसाहेब? जावं का मी?”

मी मत दिले. एका बाजूला मुलगा, नातवंडे, दवाखाना जवळ. दुसऱ्या बाजूला वाडी, हवा, सवयी. दोन्ही बाजू समतोल मांडून म्हटले, पहिली बाजू जड दिसते. त्यांनी सगळे लक्ष देऊन ऐकले, मान डोलावली आणि ‘बरं’ म्हणाले.

विचारले त्याचे उत्तर दिले. मात्र या प्रकरणात माझा स्वतःचा हितसंबंध आहे, तो जाहीर केला नाही. कोर्टात असे केले असते तर सनद गेली असती.

८ फेब्रुवारी, शनिवार

त्यांनी वाडीच्या चाव्या माझ्याकडे दिल्या. जुडगा मोठा आहे. कुठे ठेवला की नजरेआड होत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

झाले ते क्रमाने लिहिते.

सकाळी आठला त्यांच्या ओटीवर मोहल्ल्यातली दहा-बारा माणसे. फोनच्या पडद्यावर दोह्याहून कैस आणि त्याची बायको आतिफा. बॅगा गाडीत चढल्या. इमाम-ज़ामिन कोण बांधणार, असा विषय निघाला. प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर कापडात नाणे गुंडाळून बांधायचे. तो सुखरूप पोहोचला की सोडायचे आणि नाणे गरजूला द्यायचे. बांधते घरातली वडीलधारी बाई. आमच्याकडे आणखी एक रीत आहे: एकदा ते बांधले की माणूस उंबऱ्यातून मागे फिरत नाही. ‘जाऊ का, नको’ हा प्रश्न तिथे संपतो.

त्यांच्या घरात वडीलधारी बाई उरलेली नाही. आतिफा पडद्यावरून म्हणाली, “रेहाना खाला, तुम्हीच बांधा ना.”

मी नाही म्हणू शकत होते. ती एकच जागा होती! सगळा जन्म मी वेळेवर हरकत घेण्यावर काढला, आणि त्या क्षणी मला इतकेच सुचले की रीत पुरी व्हायला हवी आणि ती नीट व्हायला हवी. हिरव्या कापडाची पट्टी घेतली, नाणे गुंडाळले, त्यांनी बाही वर केली. आणि मी माझ्या हातांनी त्यांचे जाणे कायम केले.

गाठ मारली ती जहाजावरची. दुसरी सुचलीच नाही.

त्यांनी दंडाकडे पाहिले. “खालून घेतलंत,” म्हणाले. “बरोबर आली.”

गाडी अलिबागच्या रस्त्याकडे वळली. मी घरी येऊन पुस्तक उघडले. कर्मणी भूतकाळ, एलुथेन: मी सोडले गेले. स्त्रीलिंगालाही तेच रूप चालते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पाच वाजता दोन कप मांडले. एक परत ठेवला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कैसचा फोन. अब्बा सुखरूप, तब्येत छान, फक्त एक गंमत — दंडावरची पट्टी सोडत नाहीत. आंघोळीलाही तशीच. आतिफा म्हणाली, सोडा, नाणं देऊन टाकू; तर म्हणाले, इतक्यात नाही. खाला, गाठ फार घट्ट बसली का?

गाठ घट्ट नाही, मी सांगितले. एका बोटाने सुटते. त्यांना माहीत आहे.

मग फोन नजमुद्दीनकडे गेला. मी, अधिकार नसताना, विचारले: तीन दिवस झाले, पोहोचलात, मग सोडत का नाही?

“पोहोचल्यावर सोडायची असते,” ते म्हणाले. “मी अजून पोहोचलेलो नाही.”

मी फोन ठेवला. निरोप न घेता! वहिवाट सोडून!

हे विधान मी चारी बाजूंनी तपासले. ते दोह्यात आहेत, हे निर्विवाद. रीत म्हणते, मुक्कामी पोहोचल्यावर सोडावी. त्यांनी सोडलेली नाही. म्हणून दोहा हा मुक्काम नव्हे. यात कुठेही छिद्र नाही. मी शोधले. हा असला बांधेसूद युक्तिवाद एका खलाशाने, एका वाक्यात, माझ्यासमोर ठेवला आणि मला तो सोडवता येत नाही. सोडवायचाही नाही! ओटीवर उभी राहून मी जोरात हसले, मग जवेरिया धावत आली म्हणून खोकल्यासारखे केले. तिचा विश्वास बसला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पांढऱ्या कांद्याची माळ विकत घेतली. एकटीने वर्षभर संपणार नाही.

ठमाबाईने उद्याऐवजी आजच आणली होती. माळ खुंटीला अडकवताना म्हणाली, “घर भरल्यावानी दिसतंय.”

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी कैसचा पुन्हा फोन. आवाजात चिंता. अब्बा परत जायचं म्हणतात. इथे करमत नाही असंही नाही म्हणत, नुसतं ‘जातो’ म्हणतात. “खाला, तुम्ही समजावा त्यांना. तुमचं ते ऐकतात. ते तिथे एकटे कसे राहतील?”

माझ्याकडे मुद्देसूद उत्तर तयार होते. शेजार, डॉक्टर, दिवसातून दोन फोन. तिन्ही मुद्दे ओळीने उभे होते. मी तोंड उघडले आणि त्यांतला एकही बाहेर आला नाही.

मी म्हटले, “एकटे राहणार नाहीत.”

 मग कैसने हळूच विचारले, “खाला?”

“हो,” मी म्हटले.

“म्हणजे...”

“मी सहसा संदिग्ध बोलत नाही, कैस.”

तो हसायला लागला, थांबेचना, आणि हसता हसता आतिफाला हाका मारू लागला, आणि मागे कुठेतरी एक ओळखीचा आवाज विचारत होता, काय झालं, कोण आहे, चाव्या हरवल्या का? मी म्हटले, फोन त्यांना दे.

त्यांनी फोन घेऊन ‘हां?’ म्हटले.

दावा नव्हता. हक्क नव्हता. समतोल तर नव्हताच. म्हटले, “परत या.”

अक्षर पाहा कसे आले आहे! हे पान फाडायचे नाही. हे पान पुराव्यात जाईल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जवेरियाला सांगितले. म्हणाली, मोहल्ल्याला पोपटीच्या दिवशीच कळलं होतं. ठमाबाईला त्याआधी.

म्हणजे सर्वात शेवटी माहिती मिळालेली पक्षकार मीच!

२२ फेब्रुवारी, शनिवार

ते यायचा बुधवार अजून चार दिवसांवर. सहा रूपे उलट क्रमाने पाठ केली. मग जिन्यावरून उतरताना, पायरीला एक. जिन्याला नऊ पायऱ्या आहेत. तीन पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मांडव्याची जेट्टी. मुंबईहून आलेल्या रो-रो बोटीतून उतरणाऱ्या गर्दीत मध्येच थांबून त्यांनी बाही वर केली, दंड पुढे धरला आणि म्हणाले, “लूसोन.” लीसे नव्हे. माझे रूप.

बोटाची एक ढकलणी पुरते. मला तीन लागल्या.

नाणे ठमाबाईच्या हातून गरजूला गेले. शुक्रवारी निकाह. कागदात मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायचं ते, काय लिहायचं, जवेरियाने विचारले. मी म्हटले, ती हिरवी पट्टी. ती म्हणते, कायद्यात बसणार नाही.

बसवीन.